महाभूलेखवर सातबारा शोधताना

महाभूलेख संकेतस्थळावर परभणी जिल्ह्यातला सातबारा शोधायचा तर आधी जिल्हा निवडावा लागतो. मग नऊपैकी एक तालुका आणि शेवटी गाव. पिंपळगाव, पिंपरी अशी नावं अनेक गावांना असल्याने तालुका चुकला की पुढचं सगळंच चुकतं.

गट नंबर ठाऊक असेल तर तोच खात्रीचा मार्ग. ४५/२/अ असा पूर्ण न टाकता नुसता ४५ टाकून ‘शोधा’ दाबावं. सगळे पोटहिस्से यादीत उतरतात, त्यातून हवा तो निवडायचा.

नंबर नसेल तर नावाने शोध. खरी मेख इथेच असते. नाव मराठीतच आणि दप्तरी नोंदलंय तसंच लागतं. आधार कार्डावरचा ज्ञानोबा सातबाऱ्यावर ग्यानोबा असू शकतो; ‘राव’ कधी जोडलेला, कधी गायब. अशा वेळी आडनावाने शोधलेलं बरं. यादी लांबते, पण माणूस सापडतो. जमीन वारसांच्या नावे चढलेली नसेल तर आजोबांचं नाव टाकून पाहावं.

इथला विनास्वाक्षरीत उतारा फक्त पाहण्यापुरता. बँकेसाठी डिजिटल स्वाक्षरीचा उतारा लागतो. तो शुल्क भरून वेगळ्या पानावर मिळतो.