विश्लेषण : पावसाळ्यात ड्रायरचे बिल का फुगते? ते कमी कसे करता येईल?

जुलैमध्ये मुंबई-ठाण्यापासून रत्नागिरी आणि पणजीपर्यंत हवेतील आर्द्रता अनेक दिवस ८५ टक्क्यांच्या वर असते. दोरीवरचे कपडे दुसऱ्या दिवशीही दमट राहतात आणि त्यांना कुबट वास येऊ लागतो. अनेक इमारतींत बाल्कनी नसते, तर काही सोसायट्या खिडकीबाहेर कपडे वाळत घालू देत नाहीत. मग धुणे आणि वाळवणे एकाच यंत्रात करणारा ‘वॉशर-ड्रायर’ किंवा स्वतंत्र ड्रायर घरात येतो. पहिल्या पावसाळ्याचे वीजबिल हाती पडल्यावर मात्र रोज कपडे वाळवणे परवडेल का, असा प्रश्न पडतो. हा खर्च बराच कमी करता येतो. त्यासाठी वीज नेमकी कुठे जाते हे कळायला हवे.

कोणता ड्रायर?

मराठी घरांत सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या छोट्या टबालाही ‘ड्रायर’च म्हणतात. त्यात हीटर नसतो. कपडे वेगाने गरगर फिरतात आणि पाणी बाहेर फेकले जाते. त्यातून निघालेले कपडे पिळलेले असतात, वाळलेले नसतात. येथे चर्चा आहे ती हीटरच्या गरम हवेने कपडे पूर्ण सुकवणाऱ्या यंत्राची. त्यातला हीटर साधारण दीड ते अडीच हजार वॉटचा असतो आणि एक फेरी दोन-तीन तासही चालू शकते.

वीज एवढी का लागते?

एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६५ ते ०.७ युनिट इतकी ऊर्जा लागते. हा निसर्गाचा हिशेब आहे, कोणत्याही कंपनीला तो बदलता येत नाही. यंत्र तापवणे आणि बाहेर जाणारी गरम हवा यांतली गळती धरली, तर हीटरच्या ड्रायरला लिटरमागे जवळपास एक युनिट लागते असे समजावे.

मग हवा तापवायचीच कशाला? कारण पावसाळी हवेत आणखी वाफ मावायला जागाच नसते. २७ अंश तापमानाची, ९० टक्के आर्द्रतेची हवा ६० अंशांपर्यंत तापवली, की तिची सापेक्ष आर्द्रता १६ टक्क्यांच्या आसपास येते. हवेतले पाणी तेवढेच राहते, पण ती आता भरपूर पाणी शोषू शकते. कोकणातल्या घरांत पावसाळ्यात चुलीच्या वर कपडे टांगत, त्यामागेही हेच होते.

पिळणे स्वस्त, वाळवणे महाग

सगळ्यात मोठी बचत ड्रायर सुरू होण्याआधीच होते. पाच किलो सुती कपडे मशीनने ८०० फेऱ्यांच्या वेगाने पिळले, तर त्यांत कोरड्या वजनाच्या सुमारे ७० टक्के, म्हणजे साडेतीन लिटर पाणी उरते. तेच कपडे १,४०० फेऱ्यांवर पिळले, तर साधारण ५० टक्के, म्हणजे अडीच लिटर. वेग दुप्पट केला की पाणी बाहेर फेकणारा जोर चौपट होतो, म्हणून फेऱ्यांतल्या फरकाचा परिणाम एवढा मोठा.

हे एक लिटर पाणी हीटरने काढायचे तर जवळपास एक युनिट. हिशेबासाठी युनिटला १२ रुपये धरले, तर १२ रुपये. तेच पाणी पिळून काढायला दहा मिनिटांची जादा ‘स्पिन’ पुरते आणि तिचा खर्च रुपयाच्या आत राहतो. दिवसाआड ड्रायर लावणाऱ्या घरात एवढ्या एका बदलाने महिन्याला दीडशे रुपयांच्या वर वाचतात.

तरीही हे फारसे कोणी करत नाही, कारण अनेक मशीन रोजच्या प्रोग्रामला आपणहून कमी वेग निवडतात. सुती कपडे, टॉवेल आणि चादरींसाठी तो बटणाने वाढवावा लागतो. रेशमी आणि लोकरीच्या कपड्यांना मात्र कमीच वेग बरा. टॉप लोड मशीनचा वेग अनेकदा सातशेच्या आसपास असतो. तिथे धुणे संपल्यावर नुसती ‘स्पिन’ पुन्हा लावली तरी थोडा फरक पडतो. जुन्या सेमी-ऑटोमॅटिकचा छोटा टब या कामात चांगलाच तरबेज असतो. तो घरात असेल तर भंगारात देण्याची घाई करू नये.

बिलात हे युनिट कुठे बसते?

घरगुती वीजदर पायऱ्यांचे असतात. महावितरणच्या दरात १०० युनिटच्या पुढे दर जवळपास दुपटीवर जातो आणि ३०० व ५०० नंतर तो आणखी चढतो. पंखे, फ्रिज आणि दिवे तर चालणारच. ड्रायरचा वापर त्यांच्या वर पडतो, म्हणून त्याचे युनिट बिलातल्या सगळ्यात महाग पायरीवर मोजायला हवे. दिवसाआड साडेतीन युनिट म्हणजे महिन्याला पन्नासहून अधिक. काठावरच्या घराला ते सहज वरच्या टप्प्यात ढकलतात. महावितरणने टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या वापरावर सवलत लागू केली आहे. ती मिळत असेल, तर ड्रायर रात्रीऐवजी दुपारी लावणे फायद्याचे.

सगळे कपडे ड्रायरमध्ये कशाला?

वॉशर-ड्रायरमधील ‘धुवा आणि वाळवा’ हा सलग प्रोग्राम सोयीचा खरा, पण खर्चिक आहे. पॉलिएस्टरचे टी-शर्ट, नायलॉनच्या साड्या, शाळेचा खेळाचा गणवेश यांत पिळल्यावर पाणी फारसे उरतच नाही. ते पंख्याखाली काही तासांत सुकतात. धुणे संपल्यावर मशीन थांबवून हे कपडे बाहेर काढावेत आणि जीन्स, टॉवेल, चादरी, बाळाचे कपडे एवढेच आत ठेवावेत. तसेही या यंत्रांची वाळवण्याची क्षमता धुण्याच्या क्षमतेपेक्षा कमी असते. आठ किलो धुणारे यंत्र पाच किलोच वाळवते. ड्रम गच्च भरला की गरम हवा फिरत नाही, चादरीत बाकीचे कपडे गुंडाळले जातात आणि हीटर तासभर जास्त चालतो.

वेळ लावून वाळवण्यापेक्षा ओलावा ओळखून थांबणारा ‘सेन्सर’ प्रोग्राम केव्हाही चांगला. इस्त्री करायचीच असेल, तर ‘आयर्न ड्राय’वर थांबावे. शेवटचा ओलावा निघायला सर्वाधिक वेळ लागतो आणि इस्त्री करताना त्याच कपड्यांवर पुन्हा पाणी शिंपडले जाते.

जाळी, पाइप आणि पाणी

स्वतंत्र ड्रायरची लिंट जाळी प्रत्येक फेरीनंतर साफ करावी. ती तुंबली की वेळ वाढतो, शिवाय आगीचा धोका असतो. अमेरिकेत घरगुती ड्रायरच्या आगींचे प्रमुख कारण साफसफाई न करणे हेच असल्याचे तिथल्या अग्निशमन प्रशासनाने नोंदवले आहे. तेल मुरलेले मालिशचे पंचे तर ड्रायरमध्ये घालूच नयेत. व्हेंटेड ड्रायरचा पाइप खिडकीबाहेर न्यावा. बंद बाथरूममध्ये सोडला तर यंत्र स्वतःचीच वाफ पुन्हा आत ओढते.

वॉशर-ड्रायर घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. अनेक यंत्रे वाफेचे पाणी करण्यासाठी नळाचे थंड पाणी वापरतात, त्यामुळे कपडे वाळवतानाही पाण्याचे मीटर फिरत राहते. टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत हा छुपा खर्चच.

पंखा, एसी आणि हीट पंप

चांगले पिळलेले कपडे स्टँडवर सुटे टांगून त्यांच्यावर पंखा सोडला, तर जुना ७५ वॉटचा पंखा आठ तासांत ०.६ युनिट घेतो, बीएलडीसी पंखा त्याच्या निम्म्याहून कमी. पाठीला पाठ लावून टांगलेल्या कपड्यांना मात्र पंख्याचाही उपयोग नाही. रात्री बेडरूममध्ये एसी चालणारच असेल, तर स्टँड तिथे ठेवता येतो. एसी हवेतला ओलावा काढतो आणि वाळणारे कपडे खोलीतलीच उष्णता घेतात, त्यामुळे जादा भार फारसा येत नाही. फक्त कपड्यांसाठी एसी लावणे मात्र महागात पडते.

हीट पंप ड्रायर हीटरऐवजी फ्रिजसारख्या यंत्रणेने तीच उष्णता पुन्हा वापरतो आणि साधारण निम्म्या विजेत काम करतो. स्वित्झर्लंडमध्ये २०१२ पासून नवे ड्रायर याच प्रकारचे विकले जातात. युरोपीय संघाच्या १ जुलै २०२५ पासूनच्या नियमांनीही हीटरचे नवे ड्रायर बाजारातून जवळपास हद्दपार केले आहेत. तिथे थंडी लांबते आणि ड्रायर वर्षभर चालतो.

आपल्याकडे हिशेब वेगळा येतो. चार महिने दिवसाआड, म्हणजे वर्षाला ६० फेऱ्या आणि फेरीमागे सव्वा युनिटची बचत धरली, तर वर्षाला सुमारे ९०० रुपये वाचतात. दोन यंत्रांच्या किमतीत २० हजारांचा फरक असेल, तर तो भरून निघायला वीस वर्षांहून अधिक काळ लागेल. घरात तान्हे बाळ किंवा अंथरुणाला खिळलेले ज्येष्ठ असतील आणि वर्षाला अडीचशे फेऱ्या होत असतील, तर तोच फरक साधारण साडेपाच वर्षांत वसूल होतो.