जुन्या मोटारींसाठी स्पार्क प्लगची निवड

स्पार्क प्लग (ठिणगी प्लग) हा पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमधील हवा व इंधनाचे मिश्रण विद्युत ठिणगीने पेटवणारा सुटा भाग आहे. जुन्या मोटारीचे ट्यूनिंग करताना प्लग बदलणे हे नेहमीचे काम असले, तरी मूळ प्लग बाजारात न मिळाल्यास पर्यायी प्लग निवडावा लागतो. ही निवड आट्यांचा व्यास व लांबी, बैठकीचा प्रकार, उष्णता श्रेणी आणि इलेक्ट्रोडमधील अंतर यांवरून केली जाते.

आट्यांची मापे

अनेक जुन्या मोटारींत १४ मिलिमीटर व्यासाचे प्लग असतात. मात्र व्यास जुळला म्हणजे प्लग योग्य ठरतो असे नाही. फोक्सवॅगन बीटलच्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनात आट्यांची लांबी १२.७ मिलिमीटर असते, तर ब्रिटिश एमजीबी (१९६२–१९८०) या मोटारीत ती १९ मिलिमीटर असते. दोन्ही प्लग एकमेकांच्या छिद्रात सहज फिरतात, त्यामुळे चूक चटकन लक्षात येत नाही.

लांब प्लग आखूड छिद्रात बसवल्यास त्याचे टोक ज्वलन कक्षात पुढे येते. ते दट्ट्या किंवा झडपेवर आदळून इंजिनाची कायमची हानी होऊ शकते. उलट, आखूड प्लगमुळे ठिणगी छिद्राच्या आत पडते आणि उघड्या राहिलेल्या आट्यांत काजळी साचते. पुढे योग्य प्लग बसवताना हे आटे खराब होतात.

उष्णता श्रेणी

विसंवाहकाच्या टोकाचे तापमान सुमारे ४५० अंश सेल्सियसच्या वर असल्यास त्यावरील काजळी आपोआप जळून जाते. ते सुमारे ८५० अंशांच्या पलीकडे गेल्यास ठिणगीपूर्वीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. टोकाची उष्णता हेडकडे लवकर वाहून नेणाऱ्या प्लगला ‘थंड’ आणि सावकाश वाहून नेणाऱ्यास ‘गरम’ म्हणतात.

श्रेणीचे आकडे सर्व उत्पादकांचे सारखे नसतात. एनजीकेच्या प्लगवर मोठा आकडा थंड प्लग दर्शवतो. बॉश व चॅम्पियन यांच्या पद्धतीत मोठा आकडा गरम प्लगचा असतो. त्यामुळे पर्याय निवडताना आकड्यावर विसंबून न राहता उत्पादकाचा तुलनात्मक तक्ता पाहावा लागतो. एमजीबीसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘बीपी६ईएस’ या एनजीके प्लगमध्ये ‘बी’ १४ मिलिमीटर व्यास, ‘पी’ पुढे आलेले टोक, ‘६’ उष्णता श्रेणी आणि ‘ई’ १९ मिलिमीटर लांबी दर्शवते. ‘ई’च्या जागी ‘एच’ असल्यास लांबी १२.७ मिलिमीटर असते.

अंतर व रोधक

काँटॅक्ट ब्रेकर असलेल्या प्रज्वलन व्यवस्थेत इलेक्ट्रोडमधील अंतर बहुधा ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवतात. एमजीबीसाठी ते ०.६४ मिलिमीटर (०.०२५ इंच) सांगितलेले आहे. अंतर वाढल्यास ठिणगीसाठी अधिक विद्युतदाब लागतो आणि जुनी कॉइल कमी पडू शकते. अंतर फीलर गेजने मोजून फक्त बाहेरचा इलेक्ट्रोड वाकवून जुळवतात. नावात ‘आर’ असलेल्या एनजीके प्लगमध्ये रेडिओतील खरखर कमी करणारा रोधक असतो. इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन बसवलेल्या मोटारींत बहुधा असा प्लग वापरतात.

जुन्या प्लगचे निरीक्षण

काढलेल्या प्लगचे टोक बदामी किंवा करडे असल्यास ज्वलन व्यवस्थित आहे असे मानतात. कोरडी काळी काजळी अधिक इंधन किंवा अतिथंड प्लग सुचवते. पांढरेफटक, फोड आलेले टोक अतिउष्णतेचे लक्षण असून त्यामागे कमी इंधन किंवा ठिणगीची चुकलेली वेळही असू शकते. तेलकट टोक झिजलेल्या रिंगा अथवा झडपांच्या गाइडकडे निर्देश करते. अशा वेळी गरम प्लग लावल्याने लक्षण काही काळ झाकले जाते, मूळ झीज मात्र तशीच राहते.

बसवणे

प्लग थंड इंजिनात, प्रथम हाताने आटे धरून फिरवतात. विशेषतः ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये वाकडा गेलेला प्लग आटे कापतो. वॉशर असलेला नवा १४ मिलिमीटरचा प्लग हाताने घट्ट झाल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा आवळतात. वापरलेल्या प्लगचा वॉशर आधीच दबलेला असल्याने त्यास बराच कमी फेरा पुरतो.

हेही पाहा

काँटॅक्ट ब्रेकर
कार्बोरेटर
अंतर्ज्वलन इंजिन