सोनेरी केसांवर लाल रंग : चढतो झटकन, उतरतोही झटकन

काळे केस ब्लीच करून सोनेरी केले की सुरुवातीचे काही दिवस ते छान दिसतात. पुढे रंग पिवळट पडतो, केस कोरडे वाटू लागतात आणि घरच्या घरी लाल रंग लावून पाहण्याचा विचार मनात येतो. फिक्या रंगावर गडद रंग चढवणे सोपेच, असा समज असतो. प्रत्यक्षात ब्लीचने केसाची रचनाच बदललेली असते.

केसाच्या बाहेरून कौलांसारख्या एकावर एक बसलेल्या खवल्यांचे आवरण असते. केसाला काळा रंग देणारे मेलॅनिन त्याच्या आत असते. ब्लीचमधील अल्कधर्मी घटक केस फुगवून हे आवरण सैल करतात, तर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि परसल्फेट मेलॅनिनचे विघटन करतात. त्याच वेळी केराटिन या प्रथिनाला बळकटी देणारे गंधकाचे बंध तुटतात आणि केसावरचा नैसर्गिक स्निग्ध थरही जातो. असा केस सच्छिद्र होतो. तो पाणी लवकर शोषतो आणि ओला असताना सहज तुटतो.

रंगाचेही तसेच होते. सर्वांत जुनी, झिजलेली टोके जास्त रंग पितात आणि गडद दिसतात. मुळाशी नव्याने आलेल्या काळ्या केसांवर तोच लाल जेमतेम दिसतो. शिवाय सच्छिद्र केसातून रंग प्रत्येक धुण्याला निसटत राहतो. केसातला उरलेला पिवळेपणा लाल रंगात मिसळत असल्याने छटा डब्यावरील चित्रापेक्षा नारिंगी किंवा तांबूस येऊ शकते. म्हणून आधी मानेजवळची एक बारीक बट रंगवून पाहावी.

लाल रंगाचे मुख्य प्रकार दोन. सेमी-परमनंट रंगात तयार रंगकण असतात. त्यांना पेरॉक्साइड लागत नाही आणि केस आधीच फिके असल्याने ते उठून दिसतात. परमनंट रंगात बारीक रेणू केसात शिरतात आणि पेरॉक्साइडच्या साहाय्याने तिथेच मोठे रंगीत रेणू बनतात. हा रंग जास्त टिकतो, पण कमजोर केसावर आणखी एक रासायनिक प्रक्रिया होते. २० व्हॉल्यूम म्हणजे सुमारे ६ टक्के पेरॉक्साइडचा डेव्हलपर मूळ रंग आणखी उजळवतो. ब्लीच झालेल्या केसांना त्याची गरज नसते. त्यामुळे पहिल्या प्रयोगासाठी सेमी-परमनंट रंगच बरा.

खरा धोका मात्र त्वचेला असतो. अनेक परमनंट रंगांत पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलीनडायअमाइन, हे रसायन असते. त्याची ॲलर्जी असल्यास टाळूला खाज, फोड, तर कधी पापण्या आणि चेहऱ्यावर सूज येते. ही प्रतिक्रिया अनेकदा एक-दोन दिवसांनी उमटते आणि पूर्वी कधीच त्रास झाला नसला तरी होऊ शकते. त्यामुळे रंग कोणताही असो, डब्यावरील सूचनेप्रमाणे ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून पाहावा. ‘काळ्या मेंदी’ने पूर्वी त्वचेवर फोड आले असतील, तर केसांचा रंग त्वचारोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय लावू नये.

मेंदी नैसर्गिक म्हणून निर्धोक, हेही सरसकट खरे नाही. शुद्ध मेंदीतील लॉसोन केराटिनला घट्ट धरते आणि ब्लीच केलेल्या केसांवर भडक नारिंगी रंग येतो. तो सहजी निघत नाही. मेंदीच्या काही तयार पुड्यांत धातूंचे क्षार असतात. त्यावर नंतर पेरॉक्साइड लागले तर केस तापून जळू शकतात.

ब्लीचनंतर टाळूची आग होत असेल, जखम असेल किंवा केस रबरासारखे ताणले जात असतील, तर रंगाचा बेत पुढे ढकलावा. रंग लावताना हातमोजे घालावेत, कपाळाच्या कडेला पेट्रोलियम जेली लावावी, दिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नये आणि भुवया-पापण्यांना रंग लावू नये. नंतर कोमट किंवा गार पाण्याने केस धुवावेत, शाम्पू कमी वेळा आणि सौम्य वापरावा. रंग लावल्यावर जळजळ वाढली तर तो लगेच भरपूर पाण्याने धुऊन टाकावा. चेहऱ्यावर सूज आली किंवा श्वास घेताना त्रास झाला, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.