अन्नछत्रात मिरपूडही मिळायची

अन्नछत्रात जेवायचं आणि वर मिरपूड मागायची, हा मराठीत आगाऊपणाचा कळस समजला जातो. तंजावरच्या सरफोजीराजांच्या छत्रांत ती मागावीच लागत नसे. शिजवलेला भात ज्याला चालत नाही त्याला कोरडा शिधा मिळे, सोबत मसाल्याचं सामानही, असं खुद्द राजाने लिहून ठेवलं आहे.

आठवण व्हायचं कारण २०२५ मधला एक मंगळवार. २६ ऑगस्टला तमिळनाडूची सकाळच्या न्याहारीची योजना शहरांतल्या अनुदानित शाळांमध्ये पोचली. चेन्नईतल्या मैलापूरच्या कॅथलिक शाळेत मुख्यमंत्री स्टॅलिन आणि पंजाबचे मुख्यमंत्री भगवंत मान मुलांबरोबर जेवायला बसले, ते फोटो सगळ्यांनी पाहिले. फोटोत न दिसणारी गोष्ट अशी की, शहरातली अनुदानित शाळा म्हणजे पुष्कळदा चर्चची, एखाद्या मठाची नाहीतर मुस्लिम ट्रस्टची शाळा. आईबाप दोघंही पहाटे कामाला बाहेर पडतात अशा वस्तीतली मुलं तिथे जातात. तेव्हा वर्ग आणि घंटा धर्मसंस्थेची, उपमा सरकारचा. या भागीदारीवर आता दोन्ही बाजूंनी बरंच बोललं जाईल. तंजावरकरांना तिचं नवल वाटू नये.

या गावात धर्म आणि रांजणभर तांदूळ यांची गाठ फार जुनी आहे. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हा प्रशियातला लुथरन पाद्री १७५० मध्ये तरंगमबाडीला उतरला आणि पुढे तंजावरला स्थायिक झाला. हैदर अलीच्या स्वारीत मुलूख उजाड झाला, किल्ल्यात धान्य संपत आलं. बाहेर गावांत धान्य होतं, पण ते वाहून आणायला बैल मिळेनात, कारण आधीच्या वेळचे पैसे शेतकऱ्यांना कोणी दिलेच नव्हते. राजाच्या शब्दाला किंमत उरली नव्हती, ईस्ट इंडिया कंपनीच्या तर त्याहून नाही. तेव्हा श्वार्ट्झने आपल्या जबाबदारीवर निरोप धाडले. दोनतीन दिवसांत हजारावर बैल जमले आणि ८०,००० कलम (हे तिथलं धान्याचं माप) धान्य किल्ल्यात आलं. पैसे त्याने चुकते केले. उपाशी माणसांना रोज भात वाटला तो वेगळाच.

पाद्रीबुवांच्या भक्तीवर पुस्तकं लिहिली गेली आहेत. शेतकऱ्यांनी बैल जुंपले ते भक्तीपोटी नव्हे. या माणसाची उधारी बुडत नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं. मराठीत याला पत म्हणतात, आणि धर्मादाय कामावर बोलताना आपण हा शब्द फारसा काढत नाही.

सरफोजी याच श्वार्ट्झच्या देखरेखीखाली वाढले. गुरू १७९८ मध्ये गेला, त्याच वर्षी शिष्य गादीवर बसला आणि १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला उरला, तनखा उरला आणि एक काळजी उरली: छत्रांचं काय? रामेश्वरच्या वाटेवर सरफोजींच्या भोसले घराण्याने ठिकठिकाणी छत्रं बांधली होती आणि त्यांना गावं लावून दिली होती. २८ जानेवारी १८०१ रोजी सरफोजींनी कंपनीचे रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना पत्र लिहिलं, ते वाचताना कुठल्याही आजच्या एनजीओचा वार्षिक अहवाल फिका वाटतो.

दिवसभर जेवण चालू. मध्यरात्री घंटा वाजवायची आणि ज्याला अजून अन्न मिळालं नाही त्याने यावं, अशी हाळी द्यायची. तान्ह्या मुलांना दूध. आजारी पडलेल्याला औषध आणि पथ्याचं जेवण, बरा होईपर्यंत. विषारी जनावर चावलं तर उपचार करणारा वैद्य हजर. गरोदर बाई छत्रात बाळंत झाली तर खर्च सरकारी, आणि पुढे तीन महिने तिला तिथेच राहायची मुभा. परक्या वाटसरूचं मूल पोरकं झालं तर त्याला तीन वेळा जेवण, कपडे, दर चौथ्या दिवशी अंगाला तेल. त्याला ज्या विद्येची आवड असेल ती शिकवायची आणि शिकून झाल्यावर लग्नही लावून द्यायचं!

चौथ्या दिवशीचं तेल हा तपशील उगाच सुचत नाही. कोणीतरी तेलाचा हिशेब ठेवत होतं म्हणून तो राजाच्या पत्रात आला. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे शेकडो गठ्ठे आहेत, त्यात छत्रांचा जमाखर्चही आहे. शिर्डी, शेगाव, अक्कलकोटच्या प्रसादाचं कौतुक करणाऱ्या मराठी वाचकाला हे दूरचं घराणं ओळखीचं वाटायला हरकत नाही. फक्त सांबार संभाजीराजांच्या नावावरून आलं, ही आवडती गोष्ट इथे पुराव्यादाखल चालणार नाही.

बहुतेक छत्रांना बायकांची नावं आहेत: यमुनांबा, द्रौपदांबा, राजकुमारांबा. सर्वांत नावाजलेलं ओरत्तनाडचं, मुक्तांबेचं. ती सरफोजींची लग्नाची राणी नव्हे. मरताना तिने राजाकडे स्वतःच्या नावाचं छत्र मागितलं, असं सांगतात.

मात्र सरफोजींचं ते पत्र एक अर्ज आहे, हे विसरू नये. छत्रांच्या जमिनी कंपनीने गिळू नयेत म्हणून लिहिलेला, आणि अर्जात माणूस उणिवा लिहीत नसतो. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानल्या गेलेल्या परयरांपर्यंत सर्वांना अन्न मिळे, असं राजा म्हणतो. सगळे एका पंगतीत बसत, असं तो कुठेही म्हणत नाही. छत्रात मेलेल्याचे अंत्यविधी ज्याच्या त्याच्या जातीप्रमाणे होत, हे मात्र आवर्जून सांगतो.

चर्चने तरी वेगळं काय केलं? तंजावरच्या देवळात, म्हणजे ख्रिस्ताच्या देवळात, सवर्ण ख्रिस्ती एका बाजूला आणि परयर दुसऱ्या बाजूला बसत. १८३३ मध्ये कलकत्त्याच्या बिशप विल्सनने हा भेद ताबडतोब मोडा असं फर्मावलं, तेव्हा मंडळीत बंडच झालं. विरोधकांच्या पुढे होते वेदनायकम शास्त्री, श्वार्ट्झचे लाडके शिष्य, सरफोजींचे सहाध्यायी आणि तमिळमधले मोठे ख्रिस्ती कवी. भूक सर्वांची सारखी, इथवर दोन्ही धर्म सहज आले. ताट शेजारी मांडायचं म्हटल्यावर अडले.

म्हणून शाळेतल्या न्याहारीकडे निव्वळ मतांचं राजकारण म्हणून पाहणाऱ्यांशी सहमत होणं कठीण जातं. मतं हवी आहेत, हे उघड आहे. पण छत्रात आणि चर्चमध्ये जी एक रांग लागली नाही, ती सरकारी उपम्याने लावली. मुख्यमंत्री कामराज आणि एमजीआर यांचं शाळेतलं दुपारचं जेवण आणि आता ही न्याहारी, अशी सत्तरएक वर्षं ती टिकून आहे, तीही भांडणांसकट. आजही मधूनच एखाद्या गावात दलित बाईच्या हातचं नको म्हणून पालक मुलांना घरी ठेवतात आणि जिल्हाधिकारी स्वतः जाऊन त्या स्वयंपाकघरात जेवतात.

छत्रांचं पुढे काय झालं? १८५५ मध्ये सरफोजींचे पुत्र दुसरे शिवाजी निपुत्रिक वारले, राज्य खालसा झालं, छत्रं सरकारजमा झाली. मध्यरात्रीची घंटा बंद पडली. जमिनी, भाडी आणि फायली राहिल्या. श्वार्ट्झची शाळा सेंट पीटर्स या नावाने आजही चालते. शिवगंगा बागेजवळच्या त्याच्या चर्चमध्ये इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समनने घडवलेलं संगमरवरी शिल्प आहे, सरफोजींनीच इंग्लंडहून मागवलेलं. मरणपंथाला लागलेला पाद्री, त्याचा हात हातात घेतलेला पागोटेवाला राजा. आणि पलंगाच्या पायथ्याशी शाळेतली मुलं उभी आहेत.

न्याहारीच्या योजनेत आठवड्याचा तक्ता ठरलेला आहे. उपमा, खिचडी, पोंगल आणि सांबार. पोंगलात अख्खे मिरे घालायची तमिळ घरांची रीत आहे, आणि ते वेचून ताटाच्या कडेला लावून ठेवायची तमिळ मुलांची.