क्लब कोणाचा, इतिहास कोणाचा? चाहत्यांनी उभारलेल्या दोन फुटबॉल संग्रहालयांचा अभ्यास

फुटबॉल क्लबचा इतिहास कोणी जपायचा, या प्रश्नाला 'क्लबने' असे सरळ उत्तर देता येते. मात्र क्लब म्हणजे नेमके काय, हे विचारताच ते उत्तर डळमळू लागते. कायद्याच्या दृष्टीने क्लब ही एक कंपनी किंवा नोंदणीकृत संस्था असते, शहराच्या भूगोलात ते एक मैदान असते आणि सामाजिक अर्थाने तो पिढ्यान्‌पिढ्या एकाच रंगाशी निष्ठा बाळगणाऱ्या लोकांचा समूह असतो. बार्सिलोनासारख्या श्रीमंत क्लबने १९८४ साली आपल्याच स्टेडियममध्ये संग्रहालय उघडले, तेव्हा ही तिन्ही अंगे एकत्र असल्यामुळे 'इतिहास कोणाचा' हा प्रश्न उद्भवलाच नाही. कंपनी दिवाळखोरीत जाते, मैदान जमीनदोस्त होते आणि केवळ चाहते उरतात, तेव्हा तो प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो. इटलीतील तोरिनो आणि जर्मनीतील सांक्ट पाउली या दोन क्लबांच्या चाहत्यांनी उभारलेली संग्रहालये या दृष्टीने एकत्र पाहण्यासारखी आहेत, कारण पहिले हरवत चाललेल्या वस्तू वाचवण्याच्या गरजेतून जन्मले, तर दुसरे जागेच्या वादातून जन्माला येऊन पुढे स्वतःच्याच भूतकाळाची उलटतपासणी करू लागले.

इटलीच्या वायव्येकडील तुरीन या औद्योगिक शहरात १९०६ साली तोरिनो क्लबची स्थापना झाली. त्याच्या खेळाडूंचा पोशाख गडद डाळिंबी रंगाचा असल्यामुळे क्लबला आणि त्याच्या चाहत्यांना इटलीत 'ग्रानाता', म्हणजे डाळिंबी, याच नावाने ओळखले जाते. क्लबचे अध्यक्ष एनरिको मारोने चिनझानो यांच्या पुढाकाराने बांधलेल्या फिलादेल्फिया या मैदानाचे उद्घाटन १७ ऑक्टोबर १९२६ रोजी झाले. मैदान तसे लहान होते, प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यातील अंतरही थोडे होते, आणि त्यामुळे तेथील सामन्यांना एक वेगळीच धार असे. संघ रेंगाळू लागला की ओरेस्ते बोल्मिदा हा रेल्वे कर्मचारी प्रेक्षकांतून तुतारी फुंकत असे आणि ती ऐकून कर्णधार वालेंतिनो माद्झोला जर्सीच्या बाह्या वर सारून संघाला चढाईसाठी पुढे नेत असे. ही हकिकत तोरिनोच्या परंपरेत इतकी मुरलेली आहे की त्या अटीतटीच्या खेळाला 'डाळिंबी पाव तास' असे नावच पडले.

'ग्रांदे तोरिनो', म्हणजे थोर तोरिनो, या नावाने ओळखला जाणारा संघ फेरुच्चो नोवो या अध्यक्षाच्या काळात आकाराला आला. या संघाने १९४३ साली आणि महायुद्धानंतर १९४६ ते १९४९ अशी सलग चार वर्षे इटलीचे विजेतेपद मिळवले. विजेत्या संघाला पुढील हंगामात जर्सीवर 'स्कुदेत्तो' हे तिरंगी ढालीचे चिन्ह मिरवण्याचा मान मिळतो, आणि इटलीत विजेतेपदालाही याच नावाने संबोधले जाते. १९४७–४८ च्या हंगामात या संघाने ४० सामन्यांत १२५ गोल केले. ११ मे १९४७ रोजी तुरीनमध्ये हंगेरीविरुद्ध उतरलेल्या इटलीच्या राष्ट्रीय संघातील अकरापैकी दहा खेळाडू तोरिनोचे होते. अकरावा, म्हणजे गोलरक्षक, तेवढा युव्हेंतुस क्लबचा होता. संघाच्या जडणघडणीत एर्नो एग्री एर्बश्टाइन या हंगेरियन ज्यू प्रशिक्षकाचा वाटा फार मोठा होता. इटलीने १९३८ साली लागू केलेल्या वंशविषयक कायद्यांमुळे त्यांच्या कुटुंबाचे जगणे अशक्य झाले आणि त्यांना देश सोडावा लागला. हंगेरीत १९४४ साली त्यांची रवानगी श्रमछावणीत झाली, तेथून ते निसटले आणि युद्ध संपल्यावर पुन्हा तोरिनोत परतले.

लिस्बन येथे ३ मे १९४९ रोजी बेन्फिका क्लबच्या फ्रान्सिस्को फेरेरा या खेळाडूच्या सन्मानार्थ मैत्रीपूर्ण सामना खेळून तोरिनोचा संघ दुसऱ्या दिवशी फियाट जी-२१२ या तीन इंजिनांच्या विमानाने परतत होता. दाट ढग आणि अत्यल्प दृश्यता यांमुळे हे विमान तुरीनलगतच्या सुपर्गा टेकडीवरील बॅसिलिकेच्या, म्हणजे विशेष दर्जाच्या चर्चच्या, मागील भिंतीवर सायंकाळी पाचच्या सुमारास आदळले. त्यातील सर्व ३१ जण मृत्युमुखी पडले आणि त्यांत १८ खेळाडू, एर्बश्टाइन, इंग्लिश प्रशिक्षक लेस्ली लिव्हस्ली, क्लबचे पदाधिकारी, विमानाचे कर्मचारी आणि तीन पत्रकार यांचा समावेश होता. मृतदेहांची ओळख पटवण्याचे काम इटलीला दोन विश्वचषक मिळवून देणारे प्रशिक्षक व्हित्तोरिओ पोत्सो यांच्या वाट्याला आले आणि ६ मे रोजीच्या अंत्ययात्रेला लाखोंचा समुदाय लोटला. हंगामातील उरलेले चार सामने तोरिनोच्या युवा संघाने खेळले, प्रतिस्पर्ध्यांनीही आपापले युवा संघच उतरवले आणि ते चारही सामने जिंकून तोरिनोने विजेतेपद पूर्ण केले. दरवर्षी ४ मे रोजी क्लबचा तत्कालीन कर्णधार सुपर्गा येथील शिलेपुढे उभा राहून ती ३१ नावे वाचतो. म्हणजे संग्रहालय निर्माण होण्याच्या कितीतरी आधीपासून तोरिनोच्या चाहत्यांजवळ स्मरणाचे एक स्थळ आणि एक विधी होता.

स्मरणविधी आणि संग्रह या मात्र दोन निराळ्या गोष्टी आहेत. विधीला नावे पुरतात, तर संग्रहाला वस्तू लागतात, आणि तोरिनोच्या बाबतीत नेमक्या त्याच विखुरल्या जात होत्या. पहिल्या संघाचे सामने १९६३ नंतर फिलादेल्फियावर होईनासे झाले. पुढे तीसेक वर्षे ते मैदान सरावापुरते वापरात राहिले, त्याची पडझड होत गेली आणि १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात काही अवशेष वगळता ते पाडण्यात आले. त्यानंतर क्लबची कंपनीही बुडाली. इटलीच्या फुटबॉल महासंघाने १९६६ साली व्यावसायिक क्लबांना भागभांडवली कंपनीचे रूप घेणे बंधनकारक केले होते, त्यामुळे क्लब इतर कोणत्याही कंपनीप्रमाणे दिवाळखोरीच्या कायद्याखाली आला. २००५ साली तोरिनोने मैदानावर सर्वोच्च श्रेणीत बढती मिळवली, तरी आर्थिक अटी पूर्ण न झाल्याने ती नाकारली गेली, कंपनी दिवाळखोर ठरली आणि क्रीडापरंपरा टिकवण्यासाठी असलेल्या एका खास तरतुदीचा आधार घेऊन उर्बानो कायरो यांच्या मालकीची नवी कंपनी दुसऱ्या श्रेणीत उतरली. कायद्याच्या नजरेत तो नवा जन्म होता. चाहत्यांच्या नजरेत मात्र क्लब १९०६ पासूनचाच राहिला, आणि हे सातत्य कोणत्याही ताळेबंदात सापडणारे नसल्यामुळे ते दाखवण्यासाठी दुसरा पुरावा लागणार होता.

हा पुरावा जमवण्याचे काम 'मेमोरिया स्तोरिका ग्रानाता', म्हणजे डाळिंबी रंगाची ऐतिहासिक स्मृती, या नावाच्या चाहत्यांच्या संस्थेने केले. तिचा संग्रह आधी काही काळ सुपर्गाच्या बॅसिलिकेच्या परिसरात मांडलेला होता. पुढे तुरीनला लागून असलेल्या ग्रुल्यास्को या गावातील व्हिला क्लारेत्ता आस्सांद्री या जुन्या वाड्यात, अपघाताच्या ५९व्या स्मृतिदिनी, ४ मे २००८ रोजी 'ग्रांदे तोरिनो आणि डाळिंबी आख्यायिका संग्रहालय' सुरू झाले. संग्रहालयाचा कारभार स्वयंसेवक पाहतात. विमानाचा एक पंखा, चाकाचा टायर, सांगाड्याचे तुकडे आणि माद्झोला व मारोसो हे खेळाडू आणि प्रशिक्षक एर्बश्टाइन यांच्या प्रवासी बॅगा हा येथील संग्रहाचा गाभा आहे, आणि त्याच्या जोडीला फिलादेल्फियाचे अवशेष व पुढच्या पिढ्यांतील खेळाडूंच्या वस्तू आहेत. त्या पुढच्या पिढ्यांचा इतिहासही दुःखापासून मुक्त नाही, कारण क्लबचा अत्यंत लोकप्रिय खेळाडू जीजी मेरोनी १९६७ साली तुरीनच्या रस्त्यावर मोटारीखाली सापडून ठार झाला, आणि सुपर्गानंतरचे पहिले विजेतेपद मिळायला १९७६ साल उजाडावे लागले.

अशा संग्रहाची खरी कसोटी वस्तूच्या पूर्वपीठिकेत असते. एखादी वस्तू मूळ कोणाची, कोणाकडून कोणाकडे गेली आणि संग्रहात कशी आली, या अखंड नोंदीला संग्रहालयशास्त्रात पूर्वपीठिका म्हणतात. १९४०च्या दशकातील जर्सीवर क्रमांक असे, पण नाव नसे. क्रमांकही ठरावीक व्यक्तीचा नसून त्या दिवशीच्या खेळण्याच्या जागेचा असे. त्यामुळे एखादी जर्सी अमुक खेळाडूची होती हे केवळ तिच्याकडे पाहून सिद्ध होत नाही; त्यासाठी खेळाडूच्या कुटुंबाची साक्ष, सामन्यांची छायाचित्रे आणि कापडाची वीण व शिवण यांचा मेळ घालावा लागतो. मोठ्या क्लबच्या संग्रहालयाजवळ या कामासाठी पगारी तज्ज्ञ असतात, तर चाहत्यांच्या संग्रहालयाजवळ ओळखी असतात, आणि या विशिष्ट कामात ओळखींचे मोल पुष्कळदा अधिक ठरते. मृत खेळाडूची बॅग अनेक दशके माळ्यावर जपणारे कुटुंब ती कंपनीच्या विपणन विभागाच्या हाती देण्यापेक्षा, दर ४ मे रोजी टेकडी चढून येणाऱ्या माणसाच्या हाती देणे अधिक पसंत करील. लोकरी जर्सीला लागणारा मंद प्रकाश, स्थिर आर्द्रता, आम्लमुक्त कागद यांसाठी खर्च येतो. परंतु वस्तू मुळात संग्रहात येते ती विश्वासामुळे.

या विश्वासातच एक धोकाही दडलेला असतो. प्रेमाने जमवलेला संग्रह पूजेकडे झुकतो, आणि ज्या संघाचा अंत असा झाला त्याच्याविषयी अडचणीचा प्रश्न विचारणे कोणालाही जड जाते. वास्तविक ग्रांदे तोरिनोचा इतिहास अशा प्रश्नांनी भरलेला आहे. युद्धकाळात खेळाडूंना लष्करी भरतीपासून वाचवण्यासाठी त्यांना फियाट कारखान्याचे कामगार म्हणून दाखवले गेले आणि संघ 'तोरिनो फियाट' या नावाने खेळला. १९४४ सालच्या युद्धकालीन स्पर्धेत ला स्पेझिया येथील अग्निशमन दलाच्या संघाने या बलाढ्य संघाला हरवले, आणि त्या विजयाला महासंघाची सन्माननीय मान्यता मिळायला २००२ साल उजाडले. एर्बश्टाइन यांची कहाणी केवळ निष्ठेची आणि पुनरागमनाची नाही, तर ज्या देशाने त्यांना हुसकावले त्याच्या कायद्यांचीही आहे. शोकाचे आख्यान या तपशिलांना सामावून घेऊ शकते, मात्र त्यासाठी शोक बाजूला ठेवून इतिहास सांगण्याची तयारी लागते.

ही तयारी कशी दिसते, हे हॅम्बुर्ग येथील सांक्ट पाउलीच्या उदाहरणात पाहायला मिळते. बंदराजवळच्या वस्तीतील हा क्लब १९८०च्या दशकापासून डाव्या विचारांच्या, वंशवादविरोधी चाहत्यांसाठी जगभर प्रसिद्ध झाला. तो कंपनीच्या नव्हे, सदस्यांच्या मालकीची नोंदणीकृत संस्था आहे. त्याच्या मिलर्नटोर स्टेडियममधील लांब बाजूचा जुना स्टँड पाडून नवा बांधला जात असताना त्याखाली पोलीस चौकीला जागा देण्याचा बेत पुढे आला, तेव्हा चाहत्यांनी त्याला विरोध केला आणि त्या जागी संग्रहालयाचा पर्याय मांडला. त्यासाठी २०१२ साली क्लबच्या स्थापनावर्षाचे नाव धारण करणारी '१९१०' ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली. तेथे वस्तू हरवण्याची भीती दुय्यम होती. आपल्या घरात कोणाला जागा द्यायची, हा वाद मुख्य होता.

अशा पार्श्वभूमीच्या संग्रहालयाने स्वतःच्या बंडखोर प्रतिमेचाच गौरव केला असता, तर ते स्वाभाविक ठरले असते. पण क्लबच्या इतिहासात विल्हेल्म कॉख यांचे प्रकरण होते. १९३१ ते १९४५ आणि १९४७ ते १९६९ असे दीर्घकाळ अध्यक्ष राहिलेल्या कॉख यांचे नाव १९७० साली स्टेडियमला देण्यात आले होते; ते नाझी पक्षाचे सदस्य होते हे चर्चेत आल्यावर १९९०च्या दशकाच्या अखेरीस सदस्यांनी ते नाव काढून मिलर्नटोर हे नाव परत आणले. नाझी काळातील क्लबच्या वर्तनाचा अभ्यास संग्रहालयाने पुढे नेला आणि त्यावर प्रदर्शनही भरवले. त्याहून कठीण प्रसंग पुढे आला. सामन्याआधी स्टेडियममध्ये गायले जाणारे 'दास हेर्त्स फॉन सांक्ट पाउली', म्हणजे 'सांक्ट पाउलीचे हृदय', हे चाहत्यांचे अत्यंत लाडके गीत लिहिणारे योझेफ ओलिग हे नाझी राजवटीच्या प्रचारासाठी लिहिणारे पत्रकार होते, हे संग्रहालयाच्या संशोधनातून उघड झाले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये क्लबने ते गीत वाजवणे थांबवले. चाहत्यांमध्ये त्यावरून तीव्र मतभेद झाले. परंतु चाहत्यांच्याच संग्रहालयाने चाहत्यांच्या गळ्यातील गाण्याविषयी प्रश्न विचारला, ही घटना क्रीडा-संग्रहालयांच्या इतिहासात दुर्मिळ आहे. हेच संशोधन बाहेरच्या कोणी केले असते तर ते क्लबवरचा हल्ला म्हणून धुडकावले गेले असते. आपल्यातल्याच माणसांनी केल्यामुळे त्याला सामोरे जाणे भाग पडले.

दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली की चाहत्यांच्या संग्रहालयाचे बळ आणि मर्यादा एकाच मुळातून येतात हे लक्षात येते. हे बळ म्हणजे आपलेपणा. त्यामुळे कुटुंबे वस्तू देतात, स्वयंसेवक सुटीचे दिवस देतात, आणि कंपनी बुडाली तरी संग्रह तिच्या मालमत्तेत मोजला जात नाही. मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत: स्वयंसेवकांची पिढी म्हातारी होते, वास्तू बहुधा दुसऱ्याच्या मालकीची असते आणि बरेचसे ज्ञान नोंदवहीत नसून व्यक्तींच्या डोक्यात असते. पुनर्बांधणी होऊन २०१७ साली पुन्हा खुल्या झालेल्या फिलादेल्फियाच्या आराखड्यात संग्रहालयाचा विचार झालेला आहे, आणि त्यामागे क्लब, शहर, प्रांत व चाहत्यांच्या संघटना यांना एकत्र आणणारी प्रतिष्ठान-संस्था आहे. संग्रह उद्या तेथे गेला, तर त्याला हक्काची जागा मिळेल. मात्र काय मांडायचे आणि काय सांगायचे हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे राहतो, हे करारात लिहून घेणे जागेइतकेच महत्त्वाचे ठरेल. वस्तूंची मालकी स्वतंत्र विश्वस्त संस्थेकडे ठेवणे, प्रत्येक वस्तूची पूर्वपीठिका लेखी नोंदवणे आणि वयोवृद्ध साक्षीदारांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करणे, ही कामे विजेतेपदांच्या प्रतिकृती मांडण्याइतकी आकर्षक नसली, तरी पुढच्या पिढीला संग्रहावर विश्वास ठेवता येईल तो त्यांच्याच आधारे.

कंपनी, मैदान आणि चाहते यांपैकी सर्वांत चिवट घटक चाहते ठरतात, हे तोरिनोने दाखवून दिले. आणि चाहत्यांनी इतिहासाचे राखणदार होण्याबरोबरच त्याचे परीक्षकही झाले पाहिजे, हे सांक्ट पाउलीने. मालकीच्या कागदावर चाहत्यांचे नाव नसले तरी इतिहासावर त्यांचा हक्क आहे, हे मान्य करायला हरकत नाही. पण आपल्याला न आवडणारी वस्तूही काचेच्या कपाटात ठेवण्याची जबाबदारी त्या हक्काबरोबरच येते.