आधी लोकमत, मग ‘मराठा’

संयुक्त महाराष्ट्राचा लढा आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’ दैनिकाने पेटवला, असं सर्रास म्हटलं जातं. तारखा मात्र वेगळं सांगतात. मराठी भाषकांच्या एकत्रित राज्याची मागणी बेळगावच्या साहित्य संमेलनात झाली १९४६ साली. मुंबईत फ्लोरा फाउंटनला आंदोलकांवर गोळीबार झाला २१ नोव्हेंबर १९५५ रोजी. ‘मराठा’ निघाला १५ नोव्हेंबर १९५६ला, मराठी-गुजराती द्वैभाषिक राज्य लादून पंधरवडा उलटल्यावर. लोकांनी आधी गोळ्या झेलल्या. त्यांच्या मनातलं रोज छापणारं दैनिक नंतर आलं.

कोणी म्हणेल, अत्र्यांचं ‘नवयुग’ साप्ताहिक तर आधीपासून होतंच की! होतं, पण १९५१च्या जनगणनेत देशात शंभरातले जेमतेम अठरा जण साक्षर होते. तरीही १९५७च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचं पानिपत झालं. अक्षरओळख नसलेल्या मतदारापर्यंत हा विषय पोचला तो सभांतून आणि अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर यांच्या शाहिरीतून. अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड पाहा. पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोसाठी झुरतो आणि हाच विरह पुढे महाराष्ट्राच्या ताटातुटीला भिडतो. गिरणगावातल्या श्रोत्याला तो विरह शिकवावा लागला नव्हता. शाहिरानं तो राजकीय मागणीशी जोडून दिला. त्याच निवडणुकीत विदर्भात मात्र काँग्रेस टिकली. तिथे वेगळ्या राज्याची मागणी जुनी होती. जमीनच निराळी, तर तेच बी कसं रुजणार?

मग माध्यमं नुसता आरसाच म्हणायची का? तसंही नाही. एकट्यादुकट्याची कुरकुर छापून आली की शेजारीही तेच म्हणतोय हे कळतं आणि भीड चेपते. मागणी कोणत्या शब्दांत करायची, दोष कुणाच्या माथी मारायचा, हेही माध्यमंच ठरवतात. शिवाय एक सूर टिपेला गेला की बाकीचे ऐकू येईनासे होतात. ‘मराठा’त विरोधकांच्या वाट्याला युक्तिवादापेक्षा टवाळीच जास्त आली. माध्यमांची खरी ताकद मत निर्माण करण्यात नाही, असलेल्या मतांतून निवड करण्यात आहे. म्हणून आज पडद्यावर ‘जनतेचा संताप’ दिसला, की त्यातून कुणाचा आवाज गाळला गेलाय, हे वाचक-प्रेक्षकांनी आधी विचारावं.