विहिरीचे पाणी गोड, पण निर्धोक आहे का?



गेल्या उन्हाळ्यात गटातून फिरताना आम्ही आपल्या एका सभासदाच्या रसवंतीवर टेकलो. रस्त्याकडेला मांडव, चरकाचे घुंगरू, मागे घरची विहीर. ऊस धुणे, ग्लास विसळणे, माठ भरणे, सारे त्याच पाण्यावर. पाणी कधी तपासले का, असे विचारताच ते म्हणाले, "साहेब, आज्यापासून हेच पाणी पितोय. काचेसारखं आहे. कुणाला काय झालंय?"

गुऱ्हाळात रस उकळतो. रसवंतीत काहीच उकळत नाही. ग्लासातले जंतू थेट गिऱ्हाईकाच्या पोटात जातात. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली छोट्या धंद्यालाही पिण्यायोग्यच पाणी वापरावे लागते.

नमुना पाठवला. अहवालात दोन दोष निघाले. पहिला जंतूंचा, त्याचे कारण समोरच होते. विहिरीपासून पंधरा पावलांवर संडासाचा शोषखड्डा, शेजारी गोठा. दुसरा नायट्रेटचा. लिटरला ४५ मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची मर्यादा. पाणी तिच्या वर गेलेले. गोठ्याचा निचरा त्याला कारण आहेच, पण पिकाला न लागलेला युरियाही पाटपाण्याबरोबर झिरपून विहिरीत उतरतो. खताचे डोस सांगत फिरणारे आम्हीच, तेव्हा यात आमचाही वाटा आहे.

घरात चार महिन्यांची नात, वरच्या दुधात हेच पाणी. जादा नायट्रेटने तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते, बाळ निळे पडू शकते, हे सांगितल्यावर आजोबा गप्पच झाले.

दोन दोष, दोन इलाज. जंतूंवर टीसीएल पावडर चालते: १,००० लिटरला अडीच ग्रॅम. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असेल तर ते सुमारे १,१३,००० लिटर भरते; त्याला २८० ग्रॅम पुरे. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरची निवळी विहिरीत सोडावी, तासभर पाणी उपसू नये. नायट्रेट मात्र टीसीएलने जात नाही. उकळूनही जात नाही. उलट पाणी आटून प्रमाण वाढते. तिथे दुसरे पाणीच हवे.

नमुना टीसीएल टाकण्याआधी घ्यावा. जंतूंसाठी प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली आणावी. ती विसळू नये, आत बोट लावू नये, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवावी. रासायनिक तपासणीचा कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळून भरावा. भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत चौकशी करावी.

आता त्या रसवंतीवर आणि घरात तपासलेले नळाचे पाणी आहे. विहीर फक्त उसाला. शोषखड्डाही दूर हलवला.

रसवंती, गुऱ्हाळ, खानावळ, चहाची टपरी चालवणाऱ्या सभासदांनी हंगामाआधी एकदा आणि पावसाळ्यात एकदा पाणी तपासावे. माती परीक्षणाला गटात येतो तसे नमुना कसा घ्यावा हे दाखवायलाही आम्ही येऊ. आणि युरिया एकदम न ओतता हप्त्याहप्त्याने द्या, ही आमची जुनीच विनंती.